मे महिन्यातले सर

आमच्या शाळेत सर अकरा महिने असून नसल्यासारखे होते. सकाळी प्रार्थनेच्या वेळी सावधान-विश्राम म्हणायचं, पंधरा ऑगस्टला कवायत घ्यायची आणि उरलेला वेळ खेळाच्या सामानाच्या खोलीत फाटक्या सतरंजीवर बसून मोजे रफू करायचे. स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची खुर्ची होती, पण ते तिकडे इतके कमी फिरकत की आम्ही सगळे त्या खुर्चीवर जेवणाचे डबे ठेवायचो. एप्रिलच्या परीक्षा आटोपल्या की मात्र हा माणूस अंग झाडून उभा राहायचा. हिंगोलीच्या मे महिन्यात दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. त्या उन्हात सर सायकलवर नरसी, औंढा, कळमनुरी असे गावोगाव फिरायचे, मधल्या तांड्यांवर जायचे, आणि फुटबॉलच्या शिबिरासाठी पोरं गोळा करून आणायचे.

मी चित्रकलेचा मास्तर. फुटबॉलशी माझा संबंध यायचं काहीच कारण नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर हातानं वर्तुळ काढत होतो आणि सर दारात उभे राहून पाहत होते. तास संपल्यावर आत आले आणि म्हणाले, "मास्तर, ह्योच गोल दहा पावलांचा काढता येईल का?" त्या मे महिन्यात चुन्याची बादली माझ्या हातात आली ती पुढं कितीतरी वर्षं सुटली नाही. मैदानाच्या रेघा मारायच्या, पोरांची नावं लिहायची, कुणाला लागलं तर पट्टी बांधायची. सर मला गोलमास्तर म्हणत. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला शंका आहे.

नावांचं त्यांचं तंत्रच वेगळं होतं. पोराला ते त्याच्या गावाच्या नावानं हाक मारायचे. "ए नरसी, खांदा खाली." "औंढा, तू कुणाकडं पाहून राहिलास?" एका गावची दोन पोरं असली तर धाकटं औंढा, थोरलं औंढा. पोरांना आधी हसू यायचं, पण आठवड्याभरात त्यांची चाल बदलायची. आपण चुकलो तर गावाचं नाव घेऊन ओरडा बसतो, हे त्यांना कळायचं.

शिबिराचे पहिले तीन दिवस चेंडू मिळत नसे. नवे कोरे चेंडू जाळीच्या पिशवीत घालून सर ती लिंबाच्या फांदीला टांगायचे, सगळ्यांना दिसेल अशी. आणि पोरांना अनवाणी मैदान फिरायला लावायचे. दगड वेचा, काटेरी सराटे उपटा, कुठं खड्डा आहे, कुठं जमीन टणक आहे ते पायानं ओळखा. आया तक्रार घेऊन यायच्या की लेकराचे तळवे सोलले. सर शांतपणे सांगायचे की हैदराबादला त्यांच्या उस्तादानं त्यांना महिनाभर चेंडू दाखवला नव्हता.

तो उस्ताद कोण, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. सरांचं घराणं औंढ्याचं, पिढ्यान्पिढ्या देवळाच्या सेवेतलं. सोळाव्या वर्षी ते घरी न सांगता हैदराबादला मामाकडे पळून गेले आणि चार वर्षांनी परत आले ते फुटबॉल घेऊनच. वडिलांनी शेवटपर्यंत त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलणं टाळलं, पायांकडे पाहून बोलायचे, असं सर हसत सांगत. पायात कायम खिळ्यांचे बूट. मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नातही तेच. मांडवातल्या गुळगुळीत फरशीवर बुंदीचं ताट घेऊन जाताना ते घसरले, सगळी बुंदी वरमाईच्या पदरावर सांडली, आणि सर पडल्या पडल्या म्हणाले की फरशीवर खेळ होत न्हाई म्हणून मी सांगतच असतो.

शिट्टी त्यांच्या गळ्यात असायची, पण ती वाजलेली मी ऐकली नाही. शिट्टी वाजवली की पोरं शिट्टीचं ऐकतात, खेळाचं ऐकत न्हाईत, असं त्यांचं म्हणणं. तोंडात एकच वाक्य असायचं, "पळू नको, पोच." चेंडूच्या मागं धापा टाकत धावणाऱ्या पोराला ते दिवसातून पन्नास वेळा हे सांगायचे. पोरांना अर्थ कळत नसे. मलाही कळला नव्हता, गोविंद येईपर्यंत.

गोविंद कळमनुरीकडच्या एका तांड्यावरचा. नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. तेरा वर्षांचा, काटक, डोक्यावर खोबरेल चोपडलेलं. पहिल्या दिवशी सरांनी गाव विचारलं तर म्हणाला, तांडा. कोणता तांडा, तर म्हणाला, "नुसतं तांडाच म्हणत्यात." सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, तांडा काय हाक मारायचं नाव आहे व्हय, तुझं नाव सांग. म्हणून सगळ्या शिबिरात स्वतःच्या नावानं ओळखलं जाणारं ते एकटंच पोर.

चौथ्या दिवशी पिशवी खाली आली. सरांनी चेंडू मधोमध टाकला आणि तीसेक पोरं त्यावर तुटून पडली. गोविंद एका जागी उभा राहिला. मी रेघेवर बसून पाहत होतो. घोळका इकडून तिकडे गेला, लाथाळी झाली, धूळ उडाली, आणि त्या धुळीतून चेंडू सरळ त्याच्या पायाशी आला. त्यानं तो अलगद थांबवला. सर धावतच गेले आणि तो पळाला काहून न्हाई म्हणून विचारलं. "बॉल इकडंच येऊन राहिला व्हता," तो म्हणाला.

सर माझ्याकडे आले. म्हणाले, "गोलमास्तर, हे पोरगं पोचलेलं आहे."

सरांना मूलबाळ नव्हतं. शाळा सुरू झाल्यावर त्यांनी गोविंदला तांड्यावरून घरी आणून ठेवलं. त्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, त्यामुळं त्यांनाही ते बरं वाटलं. सरांच्या बायकोनं चार वर्षं त्याला आपल्या पोरासारखं जेवू घातलं. पहाटे रेल्वेच्या रुळाकडेला सर सायकलवर आणि गोविंद पायी, असं गावातल्या दूधवाल्यांना रोज दिसायचं. सतराव्या वर्षी पुण्याच्या एका क्लबानं त्याला बोलावलं. सर त्याला एसटीत बसवून आले. दोन दिवस सामानाच्या खोलीत बसून मोजे रफू करत राहिले. ते गोविंदचे जुने मोजे होते, हे मला नंतर समजलं.

पण मे महिन्यात गोविंद परत यायचा. आता तो शिबिराचा मोठा खेळाडू होता. एका वर्षी त्यानं आपल्या क्लबाचा गोलकीपर सोबत आणला, दुसऱ्या वर्षी आणखी दोघांना. आठवडाभर ही मंडळी पोरांना शिकवायची. लांबलांबच्या गावांवरून पोरं नुसते त्यांचे बूट पाहायला यायची. गोविंद फार बोलत नसे. एखादी गोष्ट तो पाच वेळा करून दाखवायचा आणि बाजूला उभे असलेले सर तिचा अर्थ सांगायचे, पाहा, खांदा कुठं ठेवून राहिला, पाहा, नजर कुठं आहे. मी सरांना सुखी पाहिलं ते याच तीन उन्हाळ्यांत. आधी नाही, नंतर नाही.

हिंगोलीचा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. जिल्हा झाला म्हणून गावात सगळ्यांना आनंद होता. कचेऱ्या येणार, वसाहती होणार. जागा लागणार होती आणि आमच्या मैदानावर कुणाकुणाचा डोळा होता. तिथं दुकानांचे गाळे बांधायचं घाटत होतं. सरांनी अर्जामागून अर्ज केले. अर्जांचं शुद्धलेखन मी तपासून द्यायचो. शेवटी एक मोठे साहेब म्हणाले की शिबिराच्या शेवटच्या दिवशी सामना ठेवा, मी येतो, लोकांना या खेळाची किती आवड आहे ते बघू. सरांनी ते वाक्य मनावर घेतलं. नांदेडहून मोठ्यांचा एक संघ बोलावला. गावभर कागद चिकटवले. कागदावरचं चित्र मी काढलं होतं, उंच उडी घेतलेला गोविंद.

गोविंद त्या वर्षी लंगडत आला. पुण्यात सरावात डावा गुडघा मुरगळला होता. डॉक्टरांनी तीन आठवडे पळू नको म्हणून बजावलं होतं. जूनमध्ये मुंबईला एका सरकारी खात्याच्या संघाची निवड होती आणि त्याला बोलावणं आलं होतं. संघात घेतलं की कायमची नोकरी. हे सगळं त्यानं पहिल्याच दिवशी सरांना आणि मला सांगितलं. सर म्हणाले, तू नुसता खुर्चीवर बसून शिकव. तसं त्यानं शिकवलंही. संध्याकाळी मी बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात बर्फ आणायचो आणि त्याच्या गुडघ्यावर धरून बसायचो. तेव्हा तो बोलायचा. नोकरी लागली की आईला ऊसतोडीला जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. गुडघ्याची सूज माझ्या हाताखाली होती. ती किती होती आणि किती उतरली, हे सरांपेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी मैदान भरलं. साहेब आले, खुर्चीवर बसले. नांदेडकरांनी पहिल्या अर्ध्यातच दोन गोल केले. आमची पोरं कोवळी होती, त्यांना चेंडू दिसेना. लोक गोविंदला पाहायला आले होते आणि गोविंद रुमाल टाकून रेघेवर बसला होता. मागची माणसं उठून जायला लागली. साहेब घड्याळ पाहायला लागले.

सर गोविंदजवळ येऊन उकिडवे बसले. मी दोन हातांवर होतो.

"पंधरा मिनिटं," सर म्हणाले. "पळू नको. नुसता उभा राहा."

गोविंदनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. तो मला विचारत होता, यात शंका नाही. मी काही बोललो असतो तर तो बसून राहिला असता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मी बादलीतला चुना काठीनं ढवळायला लागलो. रेघा मारून कधीच झाल्या होत्या. ढवळायचं काही कारण नव्हतं.

तो उठला आणि बुटाच्या नाड्या बांधायला लागला.

तो आत गेला तसे जाणारे लोक थांबले. आठ-नऊ मिनिटं तो खेळला असेल. खरोखरच पळाला नाही. चार पावलं इकडे, चार तिकडे, आणि नांदेडची दांडगी माणसं त्याच्याभोवती चुकल्यासारखी फिरत राहिली. एक गोल त्यानं इतक्या सहज केला की टाळ्या वाजायला वेळ लागला. साहेबांनीही टाळ्या वाजवल्या, उठले, सरांना नमस्कार केला आणि गाडीत बसून गेले. त्यांची गाडी फाटकातून बाहेर पडत होती तेव्हा गोविंद डावीकडे वळला. जवळपास कुणी नव्हतं. कुणी धक्का दिला नाही, पाय घातला नाही. तो वळला आणि खाली बसला. ओरडलाही नाही. गुडघा दोन्ही हातांनी धरून, चेंडू कुठं गेला ते पाहत राहिला.

नांदेडच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला. डोक्यावर लाल पटका, हातात भाकरीचं फडकं. डॉक्टर जे बोलले त्यातलं त्याला फार कळलं नसावं, पण पोरगं आता खेळायचं नाही एवढं कळलं. आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो. फडकं बाजूला ठेवून त्यानं विचारलं, "सर, पाय दुखून राहिला हे तुमाला माहीत व्हतं का?"

"व्हय," सर म्हणाले.

बापानं पटका काढून मांडीवर ठेवला. म्हणाला, "आमी तर पोरगं तुमालाच दिलं व्हतं."

मास्तरांनाही माहीत होतं, असं सर म्हणाले नाहीत. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगण्याइतकी माझी छाती नव्हती.

जूनची निवड गोविंद प्लास्टरमध्ये असताना होऊन गेली. पुढं पुण्यात ऑपरेशन झालं, पाय सरळ झाला, पण वळताना भरवसा उरला नाही. क्लबानं एक वर्ष वाट पाहिली. गोविंद परत आला, पण सरांच्या घरी गेला नाही, तांड्यावर गेला. सरांची बायको दोनदा डबा घेऊन तिकडे जाऊन आली. तो तिच्याशी नीट बोलला, डबा घेतला, सरांबद्दल काही विचारलं नाही. मैदान मात्र सामन्याच्या वर्षीच दिवाळीत गेलं. साहेबांची बदली झाली होती. पाया खणायला सुरुवात झाली तेव्हा सर तिथं जाऊन आले आणि शाळेत आल्यावर मला एवढंच म्हणाले की खालची माती चांगली निघाली.

शिबिर त्यांनी बंद केलं नाही. कापसाच्या जिनिंगच्या मागं ओसाड जागा होती, तिथं भरवायला लागले. मीही रेघा मारायला जायचो. पण गावात बोभाटा झाला होता की तिथं लेकरांचे पाय मोडतात. पहिल्या वर्षी अकरा पोरं आली, मग सात, मग चार. चार पोरांनाही तीन दिवस सराटे वेचायला लावायचे. ओरडणं मात्र संपलं होतं. कुणी जोरात धावायला लागलं की सर घाईनं म्हणायचे, पुरे, पुरे, बस आता. एकदा एक पोर ठेच लागून पडलं आणि लगेच हसत उठलंही. सरांनी त्याला खाली बसवलं, त्याचे दोन्ही गुडघे दाबून पाहिले, परत परत विचारलं, तकलीफ आहे का, खरं सांग. पोर घाबरलं आणि दुसऱ्या दिवसापासून आलं नाही. ज्या वर्षी कुणीच आलं नाही, त्या वर्षी सर आठवडाभर एकटेच जाऊन बसले. मी दोन दिवस गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो नाही.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. निवृत्तीनंतर फार दिवस काढले नाहीत त्यांनी. शेवटच्या वर्षात बायकोशीही ते फारसं काही बोलत नसत. त्यांच्या मातीला गावातले जुने खेळाडू आले होते. गोविंद आला नव्हता. मला वाटतं त्याला कळवलंच गेलं नसेल. कळवायचं काम माझ्याकडे होतं.

पण सरांचा विषय निघाला की मला ते जाण्याच्या आदल्या वर्षातली एक दुपार आठवते. गोविंद तेव्हा हिंगोली ते आखाडा बाळापूर अशी काळी-पिवळी जीप चालवत होता. मी चित्रकलेच्या परीक्षेच्या कामाला बाळापूरला निघालो होतो. जीपमध्ये चढलो तर पुढं, गोविंदच्या शेजारी, सर बसलेले. मी मागं बसलो. दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. बाळापूरला सर उतरले, टपरीवर चहा घेतला. मी विचारलं, इकडं काय काम काढलं. म्हणाले, "काई न्हाई. जाऊन येतो." रोज का, तर म्हणाले, "रोजच." माझं काम तासाभरात झालं. परत आलो तर तीच जीप भरत होती आणि सर त्याच जागेवर बसलेले होते.

परतीच्या वाटेवर मला दिसलं. सर रस्त्याकडे पाहतच नव्हते. खाली पाहत होते. गोविंद डाव्या पायानं क्लच दाबायचा, तेव्हा त्याच्या गालाची शीर ताणली जायची. दर वेळी. आणि दर वेळी सरांची नजर त्या गुडघ्यावर असायची. हिंगोली चार-पाच किलोमीटरवर असताना पुढं बैलगाड्यांची रांग लागली. थांब, सोड, थांब, सोड. गोविंदचा हात नकळत गुडघ्यावर गेला.

"आहिस्ता," सर हळूच म्हणाले.

गोविंदनं गाडी कडेला घेतली. पुढच्या काचेतून समोर पाहत म्हणाला, "सर, उद्यापासून दुसऱ्या गाडीनं येत जा."

सरांनी विचारलं, "लई तकलीफ होते का?"

"गुडघ्याची सवय झाली," गोविंद म्हणाला. "तुमची होत न्हाई."

सरांनी दार उघडलं आणि उतरले. गोविंद म्हणाला की मी उद्यापासून म्हणलो, आता बसा. सरांनी दार हळूच लावून घेतलं, ते नीट बसलं का म्हणून हातानं दाबून पाहिलं आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागले. दुपारचं ऊन होतं. गोविंदनं गाडी लगेच सुरू केली नाही. वरच्या आरशात तो माझ्याकडे पाहत होता.

मी उतरायला हवं होतं. मागं आम्ही पाचजण दाटीनं बसलो होतो. शेजारचा माणूस म्हणाला, मास्तर, पुढं जागा झाली, तिथं बसा ना. मी पुढं जाऊन बसलो.